सावली पाथरीवरून गेली

महाराष्ट्राचा नकाशा पुढ्यात घ्या आणि सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर स्टेशनापासून वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावापर्यंत पट्टीनं एक सरळ रेघ ओढा. रेघ बीड जिल्हा ओलांडून परभणी जिल्ह्यात शिरते, पाथरी-मानवतच्या अंगावरून जाते आणि परभणी उजव्या हाताला, जिंतूर डाव्या हाताला टाकून हिंगोलीकडं निघून जाते. शके 1819 च्या पौष अमावस्येला, म्हणजे 22 जानेवारी 1898 च्या शनिवारी, भर दुपारी चंद्राची सावली साधारण ह्याच वाटेनं गेली. पट्टा शंभर किलोमीटरहून कमी रुंदीचा. जेऊरहून पुलगावला पोचायला तिला फार तर दहा मिनिटं लागली असतील. आपला जिल्हा तिनं दोन-तीन मिनिटांत पार केला, आणि पट्ट्याच्या मध्याजवळच्या गावांत दोनेक मिनिटं सूर्य पुरता झाकलेला राहिला.

रेघेच्या दोन्ही टोकांना त्या दिवशी जत्रा भरली होती. जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला आपली यंत्रं मांडून बसले होते. भावनगरच्या तख्तसिंग महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या वेधशाळेचे ते प्रमुख. तिथंच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा रोवून होते. तिकडं वऱ्हाडात तळणी स्टेशनाजवळ ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या हौशी मंडळींचा तळ पडला होता. त्यांतल्या अ‍ॅनी माँडर यांनी दीड इंची भिंगाच्या एवढ्याशा कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबच लांब झोत टिपला. तो फोटो पुढं गाजला. पुलगावात आणखी एक इंग्रज पथक होतं. आणि सावली जिथून देशात शिरली त्या कोकण किनाऱ्यावर, विजयदुर्गच्या किल्ल्यात, सर नॉर्मन लॉकियर.

इथं थोडं आडरानात जातो, कारण ही चूक दरवर्षी 18 ऑगस्टला नव्यानं ऐकावी लागते. विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून चौथरे दाखवतात आणि हेलियमचा शोध तिथं लागला असं सांगतात. लॉकियर विजयदुर्गाला आले ते 1898 मध्ये. हेलियमची पिवळी रेषा ज्या ग्रहणात दिसली ते 18 ऑगस्ट 1868 चं, तीस वर्षं आधीचं. तेव्हाची सावली विजापूर, जमखंडीवरून गुंटूर-मच्छलीपट्टणकडं गेली होती. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर त्या वेळी विलायतेतच होते आणि त्यांनी तिथूनच, ऑक्टोबरात, ग्रहण नसताना ती रेषा पाहिली. ते विजयदुर्गावर आले तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींना हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं होत आली होती. कट्टे खरे आहेत, साहेबही खरा आहे. तारखांची गल्लत झाली आहे. कट्ट्यांचं मोल त्यानं उणं होत नाही.

तर, जेऊर, तळणी, पुलगाव. तिन्ही रेल्वे स्टेशनं. काचेच्या पेट्या, लोखंडी स्टँड, चाळीस फुटी नळकांडी बैलगाडीनं दगडधोंड्यांतून कोण नेणार? मुंबईला उतरायचं, जी.आय.पी.च्या गाडीत सामान चढवायचं आणि सावलीचा पट्टा रुळांना जिथं कापतो तिथं उतरायचं, असा सरळ हिशेब होता. पट्टा रुळांना दक्षिणेत जेऊरला कापत होता आणि उत्तरेत तळणी-पुलगावला. मधला सगळा मुलूख निजामाचा, आणि गोदावरीच्या खोऱ्यातली हैदराबाद-मनमाड लाइन अजून व्हायची होती. त्यातून मुंबई-पुण्यात प्लेग. प्लेग-अधिकारी रँडच्या खुनाला वर्ष झालं नव्हतं. ‘ओरायन’ लिहिणारे, आकाशाची इतकी ओढ असलेले टिळक तुरुंगात. अशा दिवसांत पाथरीला, मानवतला, सेलूला कोण दुर्बीण घेऊन येणार होतं?

आपली माणसं मात्र इथंच होती. पौषातली दुपार, आकाश निरभ्र, ज्वारीला कणसं लागलेली. आणि दिवसाढवळ्या अंधार. जेऊरच्या त्या दोन मिनिटांवर नायगामवालांचा छापील अहवाल आहे, तळणीवर अख्खं पुस्तक आहे. पाथरीच्या दोन मिनिटांवर लिहिलेली एक ओळही माझ्या हाती आलेली नाही. ह्या पुस्तकाची कल्पना त्या रेघेतून निघाली.

मराठीत ‘वेध’ हा शब्द तीन तऱ्हांनी चालतो. ग्रहणाचे वेध पाळतात: सूर्यग्रहण असलं तर चार प्रहर आधीपासून जेवण बंद, पाण्याच्या हंड्यावर तुळशीचं पान, पोटुशी बाईनं विळीला हात लावायचा नाही. आकाशातल्या गोष्टीचा वेध घेतात. म्हणून तर वेधशाळा. आणि दिवाळीचे, माहेरचे, सुट्टीचे वेध लागतात. पहिल्या प्रकारात आपण परभणीकर पटाईत आहोत. दुसऱ्याचं आपल्याकडं मोठं घराणं होऊन गेलं, हे मात्र पाथरीच्या एस.टी. स्टँडवर दहा जणांना विचारलं तर दहाही जण मान हलवतील.

पाथरी म्हणजे जुन्या ग्रंथांतलं पार्थपूर. इथल्या ज्ञानराजानं शके 1425 मध्ये, इसवी सन 1503 ला, ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ रचला. ग्रहांची गती, ग्रहणांची गणितं, यंत्रं, असा पूर्ण सिद्धान्तग्रंथ. त्याचा मुलगा सूर्यदास याहून हरहुन्नरी. भास्कराचार्यांच्या लीलावतीवर आणि बीजगणितावर त्यानं टीका लिहिल्या, आणि वर ‘रामकृष्णविलोमकाव्य’ लिहिलं: श्लोक सुलटा वाचला की रामाची गोष्ट, उलटा वाचला की कृष्णाची. बापलेकांच्या गावाजवळच, गोदावरीच्या उत्तर काठावर, गोलग्राम. तिथला दिवाकर हा ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञाचा शिष्य. गणेशानं शके 1442 मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहून गणित इतकं सुटसुटीत करून ठेवलं की महाराष्ट्रातले पंचांगकर्ते पुढं शतकानुशतकं त्यावरच ग्रहणं काढत राहिले. दिवाकराचे मुलगे मल्लारी आणि विश्वनाथ यांनी ‘ग्रहलाघवा’वर टीका लिहिल्या, घराणं काशीला गेलं, आणि पणतू कमलाकरानं 1658 मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. काशीत नाव झालं, पण मूळ गोदाकाठचं.

ह्या मंडळींना चंद्र सूर्याला झाकतो हे पक्कं ठाऊक होतं. आर्यभटापासून ठाऊक होतं. त्याशिवाय गणित जमलंच नसतं. पण गावात राहूही होता. ज्ञानराज दोघांनाही सोडायला तयार नव्हता. पुराणातलं विश्व आणि गणितातलं विश्व यांचा मेळ घालायची त्यानं खटपट केली. मला ती खटपट हास्यास्पद वाटत नाही. माझ्या घरात ती अजून चालू आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो.

माझं पहिलं ग्रहण 16 फेब्रुवारी 1980 चं. तोही शनिवारच. सावली त्या दुपारी कारवारच्या बाजूनं शिरून रायचूरवरून आंध्र-ओरिसाकडं गेली. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी ग्रहण खंडग्रास, पण चांगलं खोल. मी दहा वर्षांचा. दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आजीनं पितळेच्या परातीत पाणी ओतलं, मधोमध मुसळ उभं केलं आणि हात काढून घेतला. मुसळ उभंच. “गिरान सुटेस्तोर न्हाई पडायचं,” ती म्हणाली. आम्ही पोरं परातीभोवती बसून त्याच्याकडं डोळे लावून होतो; सूर्यापेक्षा त्या दिवशी मुसळच जास्त बघितलं गेलं.

मग लघवीचं निमित्त करून मी मागच्या दारानं गोठ्यात गेलो. गोठ्याच्या जुन्या पत्र्याला खिळ्यांची भोकं होती. एरवी त्यांतून भुईवर गोल कवडसे पडत. ते बोटांनी मोजायचा माझा खेळ होता. त्या दुपारी गोल एकही नव्हता. सारवलेल्या भुईवर, दावणीत, म्हशीच्या काळ्या पाठीवर चंद्रकोरी. सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. म्हशीनं अंग थरथरवलं की तिच्या पाठीवरच्या कोरी हलायच्या आणि पुन्हा स्थिर व्हायच्या. मी एका कोरीवर तळहात धरला, ती हातावर आली. आपण ग्रहणच बघतोय हे मला कळलं नाही. वाटलं, पत्र्याला कुणीतरी नवी भोकं पाडली. बाहेर ऊन होतं, पण त्यातली धग गेली होती आणि रंग जुन्या पितळेसारखा झाला होता. कोंबड्या खुराड्यात जाऊन बसतात असं म्हणतात. आमच्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या.

ग्रहण सुटलं आणि वेशीकडून आरोळी आली: दे दान, सुटे गिरान. जुनी लुगडी, सूप-सूप ज्वारी घराघरातून निघाली. ती आरोळी लहानपणी फार मजेची वाटायची. ती कुणाच्या तोंडी होती आणि का होती, हे पुढं कळलं. राहू-केतू मांगांचे, म्हणून ग्रहणाचं दान मांगांना, अशी गोष्ट रचून गावानं आपल्या भीतीचं गाठोडं एका समाजाच्या डोक्यावर ठेवलं होतं. ह्या पुस्तकात त्या समाजातल्या एका निवृत्त शिक्षकांचा लेख आहे. त्यांच्या वडिलांनी एका ग्रहणाला मागायला जायचं नाही म्हणून कसं ठरवलं, आणि गावातल्या लोकांनीच “मग आमचं गिरान सुटायचं कसं?” म्हणून घरी येऊन कशी तक्रार केली, ते त्यांनी लिहिलं आहे. पुस्तक मधूनच उघडायचं असेल तर तिथं उघडा.

दुसऱ्या दिवशी मी मुसळ परातीत उभं करून पाहिलं. राहिलं. बुडाला लोखंडी कडं, बूड सपाट, उभं का राहणार नाही? आजीला दाखवलं. तिनं क्षणभर बघितलं आणि म्हणाली, “कालच्या गिरानाचा उतार असंल.”

त्यानंतर पंधरा वर्षं मला वाटत होतं की मी ग्रहण पाहिलेलं आहे. खंडग्रास म्हणजे खग्रासच, थोडं कमी. ही समजूत सगळ्यांची असते, आणि ह्या प्रस्तावनेचं मुख्य काम ती मोडणं हे आहे. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी. त्याचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला तरी चार हजार पौर्णिमांचा उजेड पडतो. त्या उजेडात तारे दिसत नाहीत, प्रभामंडळ दिसत नाही, आणि आमच्या कोंबड्यांना उकिरडा नीट दिसतो. नव्व्याण्णव टक्के ग्रहण पाहणारा माणूस देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलेला असतो.

कारण शेवटच्या एका टक्क्यात जे घडतं ते योगायोगावर टिकलेलं आहे. सूर्य चंद्राच्या चारशे पट मोठा आणि जवळजवळ चारशे पट लांब, म्हणून दोघांची टिकली आकाशात सारखीच दिसते. चंद्र दरवर्षी पावणेचार सेंटिमीटरनं लांब चालला आहे. साठेक कोटी वर्षांनी तो सूर्याला पुरा पडणार नाही आणि उरतील ती फक्त कंकणाकृती ग्रहणं. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली, म्हणून दर अमावस्येला सावली पृथ्वीवर पडत नाही. पडली तरी बहुतेक वेळा समुद्रावर. एका ठरावीक गावावरून ती सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा जाते. पाथरीकरांचा नंबर 1898 ला लागून गेला. आपल्याला सावलीच्या गावी जावं लागतं.

24 ऑक्टोबर 1995. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन. “दिवाळी सोडून दिवसा अंधार बघायला जायलास?” मायनं विचारलं. अभ्यंगस्नानाचं उटणं कागदात बांधून दिलं आणि तोंड फिरवून बसली. आम्ही चौघं एस.टी.नं मनमाड, तिथून रेल्वेनं आग्रा, आणि रात्रीतून फत्तेपूर सिक्रीच्या पुढं एका कापलेल्या बाजरीच्या रानात. लक्ष्मीपूजन गाडीतच झालं, म्हणजे चिवडा खाल्ला. रान कुणाचं ते माहीत नव्हतं. सकाळी मालक आला, त्यानं चौघांकडं आणि आमच्या तिकाटण्याकडं बघितलं, आणि काही न विचारता बांधावर बसला.

साडेसातच्या पुढं सूर्याच्या कडेला पहिला चट्टा दिसला. आमच्याकडं वेल्डिंगच्या काळ्या काचा होत्या. (खग्रास क्षण सोडला तर उघड्या डोळ्यांनी सूर्याकडं कधीही बघू नये, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, यांपैकी काहीही चालत नाही. आता प्रमाणित ग्रहणचष्मे मिळतात, तेच वापरा.) तासभर तसं काही घडत नाही. चौघांपैकी एकजण तर चक्क आडवा झाला. मग शेवटच्या दहा मिनिटांत गोष्टी भराभर बदलू लागल्या. ऊन पातळ झालं. सावल्यांच्या कडा इतक्या धारदार झाल्या की माझ्या मनगटावरचे केस मला जमिनीवर मोजता आले. थंडी वाजायला लागली. ऑक्टोबरच्या सकाळची नव्हे, विहिरीत उतरताना अंगाला लागते तसली. बांधावरच्या बाभळीवर साळुंक्यांचा कालवा चालला होता, तो तुटला.

मग पश्चिमेकडून ती आली. पावसाळ्यात यलदरीच्या जलाशयावरून काळं आभाळ चालून येतं तसं काहीतरी क्षितिजापासून उठलं, पण आवाज नाही, वारा नाही. मी वळून सूर्याकडं बघेपर्यंत ती डोक्यावर होती. शेवटचा ठिणगीएवढा सूर्य एका जागी गोळा झाला, लखलखला आणि गेला.

पुढचं सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. सूर्याच्या जागी भोक होतं. काळं म्हणजे पाटीसारखं काळं नाही, खोल काळं. त्याच्याभोवती दोन्ही बाजूंना ओढलेलं पांढरं तेज, केवड्याच्या पात्यांसारखं, कडेला विरत गेलेलं. त्या वर्षी सूर्य शांत होता, डाग थोडे होते, म्हणून प्रभामंडळ असं आडवं पसरलेलं होतं. सूर्य खवळलेला असतो तेव्हा ते चहूकडं सारखं फुलतं, हे पुढं वाचलं. काळ्या कडेला डाळिंबाच्या दाण्याएवढा गुलाबी ठिपका. शेजारी शुक्र. आणि क्षितिजावर सगळीकडं, पूर्वेलाही आणि पश्चिमेलाही, संध्याकाळचा तांबूस पट्टा, जणू चारी दिशांना एकदम सूर्य मावळला होता.

सगळं मिळून मिनिटभरही नाही. त्यातले पंधरा सेकंद मी कॅमेऱ्याची कळ शोधण्यात घालवले. फिल्म धुतली तेव्हा त्यावर एक अंधूक बोर आलं होतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा एकच सल्ला आहे, फोटो काढू नका. फोटो काढणारे पुष्कळ असतात आणि ते तुमच्यापेक्षा चांगला काढतात.

उजेड परत आला तो चंद्राच्या कडेवरच्या एका दरीतून, एका बिंदूतून, आणि अंगठीच्या खड्यासारखा उसळला. आमच्यातला आडवा झालेला गडी दोन्ही हात वर करून ओरडला, “हा सूर्य आणि हा जयद्रथ!” आम्ही हसलो आणि हसताना लक्षात आलं की चौघांचेही गाल ओले आहेत. बांधावरचा मालक उभा राहिला होता, हात जोडून. साळुंक्या पुन्हा भांडायला लागल्या. तो जवळ आला आणि त्याच्या भाषेत एवढंच विचारलं, हे परत कधी होणार? आमच्याकडं उत्तर होतं, पण ते त्याच्या रानापुरतं नव्हतं.

मला सूर्याचा वेध लागला तो त्या सकाळी. महाभारतातली गोष्ट लहानपणापासून ऐकलेली होती: कृष्णानं सूर्य झाकला, जयद्रथ बाहेर आला, सूर्य परत दिसला आणि अर्जुनानं बाण सोडला. ती कुणी प्रत्यक्ष खग्रास पाहून रचली असेल का, ह्यावर पुष्कळांनी गणितं मांडली आहेत. मला त्या वादात रस नाही. पण अंधाराचा आणि लखलखाटाचा तो वेग ज्यानं सांगितला त्याला तो ऐकीव नसावा, असं मला आता वाटतं.

ऑगस्ट 1999 ला सावली पुन्हा देशावरून गेली, पण ऐन पावसाळ्यात. 22 जुलै 2009 ला ती भल्या पहाटे सुरतेवरून शिरली. एकविसाव्या शतकातलं सर्वांत दीर्घ खग्रास ग्रहण, जास्तीत जास्त साडेसहा मिनिटांहून अधिक, अर्थात ते पॅसिफिकमध्ये. सुरतेच्या वाट्याला तीन मिनिटांच्या वर आली. आम्ही परभणीहून तीस विद्यार्थी घेऊन गेलो होतो. ढग. सूर्य दिसलाच नाही. पण ठरल्या मिनिटाला आभाळ एका बाजूनं विझत आलं, रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले, आणि तीन मिनिटांनी दुसऱ्या बाजूनं उजाडलं. पोरं हिरमुसली. परतीच्या गाडीत एक मुलगी म्हणाली, “सर, पंचांगातली वेळ सेकंदाला बरोबर आली.” तिनं घड्याळ लावून ठेवलं होतं. ज्ञानराज असता तर त्यानं तिला शेजारी बसवलं असतं. तिचा लेख ह्या पुस्तकात आहे. ती आता भौतिकशास्त्र शिकवते, आणि आदित्य-एल1 यानावरचं यंत्र सूर्याचं बिंब चकतीनं झाकून रोज कृत्रिम ग्रहण कसं घडवतं, प्रभामंडळ सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट, लाखो अंश तापलेलं का असावं हे कोडं अजून का सुटलेलं नाही, ते तिनं आठवीच्या मुलाला कळेल असं लिहिलं आहे.

बाकी लेखांची यादी देत नाही, अनुक्रमणिका त्यासाठीच आहे. एवढं सांगतो की लिहिणारे सगळे ह्या जिल्ह्यातले किंवा इथून गेलेले. सेलूचं एक जोडपं अमेरिकेत डॅलसला असतं. 8 एप्रिल 2024 ला सावली त्यांच्या अंगणावरून गेली, जवळजवळ चार मिनिटं. ते लिहितात की सासूबाई त्या वेळी तिथं होत्या, त्यांनी वेध पाळले, पोळ्यांच्या डब्यात तुळशीचं पान घातलं, आणि मग शेजारच्या अमेरिकन बाईबरोबर खुर्ची टाकून मागच्या हिरवळीवर बसल्या. गंगाखेडच्या एका नावाड्यानं सांगितलेली आठवण आहे, ती आम्ही त्याच्याच बोलीत ठेवली आहे: ग्रहण सुटल्यावर गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, स्नानाला उतरलेली गर्दी आणि त्या गर्दीत त्याला एका दिवसात मिळणारे महिन्याचे पैसे. काही लेखांत भाबडेपणा आहे. तो आम्ही काढला नाही. दोन लेखांत आम्ही शास्त्रीय चुका दुरुस्त केल्या, आणि एका लेखकानं त्या दुरुस्तीवर आमच्याशी पंधरा दिवस वाद घातला.

सावलीची पुढची वाट कुणालाही पंचांगातून काढता येईल. 2 ऑगस्ट 2027 ला ती स्पेनवरून उत्तर आफ्रिकेकडं जाईल आणि इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त रेंगाळेल. 20 मार्च 2034 ला लडाख-काश्मीरच्या डोंगरांत उतरेल. लडाखसाठी आमच्यातल्या तिघांनी आतापासूनच पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. तिसऱ्या अर्थाचे वेध म्हणतात ते हेच.

आणि माय. 25 ऑक्टोबर 2022. पुन्हा लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी ग्रहण, पुन्हा खंडग्रास, पण ह्या खेपेला परभणीतच, संध्याकाळी पाचच्या सुमारास. 1995 ला तोंड फिरवून बसलेली माय आता ऐंशीच्या पुढं. मी चष्मे घेऊन गच्चीवर चाललो तशी जिन्याशी आली. “दाखव की मला बी,” म्हणाली. सकाळपासून तिनं पाणी घेतलं नव्हतं. तिला वर नेलं, खुर्चीत बसवलं, चष्मा लावून दिला. तिनं बराच वेळ मान वर धरली.

“भाकर चावल्यावानी दिसायलाय,” ती म्हणाली.

मग तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेजारच्या गच्चीवरच्या पोरांना हाक मारून एकेकाला बोलावलं आणि चष्मा कसा धरायचा ते दाखवलं, जणू सगळ्या जन्मात तिनं हेच केलं होतं. सूर्य खाली उतरत गेला, कोपरा तुटलेलाच, लालसर, पाण्याच्या टाक्यांच्या मागं. पंचांगाच्या भाषेत ग्रस्तास्त: ग्रासलेला असतानाच मावळला, मोक्ष आपल्या डोळ्यांना दिसायचा नाही. पोरं खाली गेली. माय तशीच बसून राहिली, चष्मा मांडीवर.

“सुटलेलं तर दिसलंच न्हाई,” थोड्या वेळानं ती म्हणाली. “मंग आता आंघोळ कधी करू?”